रोज संध्याकाळी गेटवे गार पडतो, रीबूट मारला की आठवडाभर बरा? आधी फायरवॉलची यादी मोजा

जळगाव, धुळे, नंदुरबार साईडला जे छोटे केबल-फायबरवाले आहेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा गेटवे (गिऱ्हाईकांचं सगळं नेट ज्यातून आत-बाहेर जातं ती पेटी) म्हणजे एक असेंबल केलेला पीसी, त्यावर लिनक्स, आणि त्यात कोणीतरी कधीतरी लिहून दिलेली फायरवॉलची (कुठलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, सोडायचं आणि कुठलं अडवायचं त्या नियमांची) स्क्रिप्ट. लिहिणारा पोरगा नोकरी लागून पुण्याला निघून गेलेला असतो. मग ही तक्रार येते, शब्द वेगवेगळे पण रोग एकच: संध्याकाळी साडेसातनंतर नेट रडतं, स्पीड टेस्टला प्लॅनच्या चौथाई पण येत नाही, पिंग कधी पाच कधी तीनशे, वरच्या प्रोव्हायडरला फोन लावला तर तो म्हणतो तुमची लिंक अर्धी पण भरलेली नाही, आणि तो खरंच बोलत असतो. रीबूट मारला की एकदम मख्खन. आठ-दहा दिवसांनी परत तेच.

चोपडा-यावल पट्ट्यातल्या एका ऑपरेटरची केस सांगतो, नाव कशाला, गावात सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. आप्पांचं म्हणणं असं की "भो, नवीन इन्व्हर्टर लावला ना, तवापासून नेट बिघडलं, त्याच्यातच काहीतरी लोचा आहे." इन्व्हर्टरवाला येऊन व्होल्टेज मोजून गेला, सगळं ओके. दुसऱ्या एकाने गर्मीवर ढकललं, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, पेटी पत्र्याच्या खोलीत, त्यामुळे ते पटण्यासारखं पण होतं. इन्व्हर्टरमध्ये बिघाड नव्हता पण आप्पांचा धागा मात्र खरा निघाला. आधीचा यूपीएस मेलेला होता, लाईट गेली की पेटी बंद, आली की चालू. म्हणजे पेटी दर दोन-तीन दिवसांनी आपोआप रीबूट होत होती आणि रोग दबून राहत होता. इन्व्हर्टर चांगला आला, पेटी सलग चालायला लागली, आणि मग खरा आजार वर आला.

म्हणून जे काही रीबूटने बरं होतं आणि हळूहळू परत बिघडतं त्याला एकच प्रश्न विचारायचा, दोन रीबूटच्या मधे मेमरीत काय वाढत चाललंय? गेटवेवर अशा वाढणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन. एक कनेक्शन ट्रॅकिंगचं (कॉनट्रॅक) टेबल, म्हणजे चालू कनेक्शनची नोंदवही, आणि दुसरी फायरवॉलच्या नियमांची यादी. दोघांची लक्षणं वेगळी असतात, ती आधी वेगळी करा नाहीतर चुकीच्या ठिकाणी आठवडा जाईल.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

आधी रोग कुठला ते ठरवा

त्रास चालू असतानाच, म्हणजे संध्याकाळी, पेटीवर लॉगिन करून टॉप (सीपीयूवर काय चाललंय ते दाखवणारी कमांड) लावा आणि १ दाबा म्हणजे प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. एसआय नावाचा आकडा बघा, तो सॉफ्ट इंटरप्ट, पॅकेटची सगळी हमाली तिथेच होते. एक कोअर शंभर टक्के एसआयवर आणि खाली केसॉफ्टआयआरक्यूडी (लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, हीच हमाली करणारी प्रोसेस) वर आलेलं, बाकीचे कोअर टाईमपास करतायत, असं दिसलं तर दोन शक्यता. एकतर सगळी पॅकेट एकाच कोअरवर पडतायत, किंवा प्रत्येक पॅकेटवर फार काम होतंय. बहुतेक वेळा दोन्ही एकदम असतं.

पहिलं बघायला प्रॉक इंटरप्ट्स फाईल उघडा, नेटवर्क कार्डाच्या रांगा कुठल्या कोअरला चिकटल्यात ते दिसतं. इथे पीपीपीओईवाल्यांसाठी (गिऱ्हाईक युजरनेम-पासवर्डने लॉगिन होतो ती पद्धत) एक गोष्ट, बऱ्याच कार्डांना पीपीपीओईच्या आतला आयपी वाचता येत नाही, त्यामुळे चार रांगा असून सगळा माल एकाच रांगेत येतो. आरपीएस चालू करा, त्यात कर्नल स्वतः आतलं हेडर वाचून पॅकेट वाटतो. पण लक्षात घ्या, याने ओझं चार कोअरवर वाटलं जातं, ओझं कमी होत नाही. चार कोअर भरले की परत तीच रडारड.

दुसरं बघायला पर्फ टॉप, कर्नलमधलं कुठलं फंक्शन सीपीयू खातंय ते ही कमांड दाखवते. वरती आयपीटी डू टेबल हे फंक्शन बसलेलं दिसलं तर नियमांची यादी खातेय. नवीन डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) असाल तर तिथे एनएफटी डू चेन दिसेल. आणि वरती एनएफ कॉनट्रॅकवाली नावं असतील तर कनेक्शन टेबलाकडे जा.

कनेक्शन टेबल भरलं असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) सरळ लिहून येतं, "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट". लक्षणही वेगळं असतं, चालू असलेला व्हिडिओ चालत राहतो पण नवीन साईट उघडत नाही. नियमांची यादी लांब झाली असेल तर चालू-नवीन सगळंच एकदम मंद होतं. टेबल फुलचा इलाज छोटा आहे म्हणून इथेच सांगून टाकतो: कॉनट्रॅकचा मॅक्स वाढवा, त्याबरोबर हॅशसाईज (टेबलातल्या बकेट, म्हणजे खणांची संख्या) पण वाढवा नाहीतर एकेका बकेटमध्ये लांब साखळी तयार होते, आणि टीसीपी इस्टॅब्लिश्डचा टाईमआउट बघा. तो डिफॉल्ट ४,३२,००० सेकंद असतो, म्हणजे पाच दिवस, कोणी मोबाईल बंद करून शेतात गेला तरी त्याची एंट्री पाच दिवस बसून राहणार. आरएफसी ५३८२ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणते की नॅटने (अनेकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवणारी यंत्रणा) हा वेळ २ तास ४ मिनिटांच्या खाली आणू नये, म्हणजे ७,४४० सेकंद. तेवढा ठेवला तरी भरपूर फरक पडतो.

गर्मीचं पण दोन मिनिटांत कळतं, सेन्सर्स कमांड आणि डीमेसेजमध्ये थ्रॉटल (तापल्यावर सीपीयू वेग कमी करतो ते) शब्द शोधा. नसेल तर सूर्याला दोष देऊ नका.

आप्पांच्या पेटीत थ्रॉटल नव्हतं, टेबल अर्धं रिकामं होतं, आणि आयपीटी डू टेबल एकटं वरती बसलेलं.

यादी वाढते कशी

आता यादी मोजा. आयपीटेबल्स-सेव्ह (आयपीटेबल्स म्हणजे लिनक्सची फायरवॉल, ही कमांड तिचे सगळे नियम छापते) चालवून त्याच्या ओळी मोजा, डब्ल्यूसी डॅश एल. मग तोच आउटपुट सॉर्ट करून युनिकला डॅश सी देऊन बघा, एकच ओळ किती वेळा आलीय ते समजतं. आप्पांकडे एकेक आयपी नऊ-नऊ वेळा होता!

झालं होतं असं. बिलिंगचं सॉफ्टवेअर रात्री एक यादी काढतं, बिल न भरलेल्यांचे आयपी, आणि एक स्क्रिप्ट ती यादी वाचून प्रत्येक आयपीला डॅश ए (नियम जोडा) करून फॉरवर्ड चेनच्या (पेटीतून आरपार जाणाऱ्या पॅकेटसाठीची यादी) शेवटी दोन नियम लावते, एक जाणाऱ्या पॅकेटला, एक येणाऱ्या. आधीचे काढायचे असतात हे स्क्रिप्टला माहीतच नाही. समजा १८० लोकांनी बिल भरलं नाही, म्हणजे रात्रीला ३६० नियम, अकरा दिवसांत ३,९६०. धरा चार हजार. रीबूट केला की मेमरीतलं सगळं पुसतं आणि फक्त त्या दिवसाची यादी लागते, म्हणून रीबूटनंतर मख्खन.

आणि याच्यातच दुसऱ्या एका तक्रारीचं उत्तर आहे. गिऱ्हाईक येऊन पैसे भरतो, सॉफ्टवेअर डॅश डी करून नियम काढतं, पण डॅश डी फक्त पहिला सापडलेला नियम काढतो, बाकीच्या आठ कॉप्या तशाच. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतो, पैसे भरले तरी नेट का नाही, ऑपरेटर वैतागून रीबूट मारतो, चालू होतं. मग गावभर उपाय ठरलेला, "रीबूट मार ना भो."

चार हजार नियमांनी एवढं काय बिघडतं

आयपीटेबल्स यादी वरून खाली एकेक करून वाचतं. पॅकेट आलं, पहिला नियम लागतो का, नाही, दुसरा, नाही, तिसरा, असं जुळेपर्यंत. मधे उडी नाही, शोध नाही, इंडेक्स नाही. एसटी स्टँडवर प्रत्येक प्रवाशाने आपली गाडी बघायला बोर्ड पहिल्या ओळीपासून वाचायचा आणि गाडी बोर्डावर नसली तर शेवटपर्यंत वाचून मगच बाहेर पडायचं, असा हा प्रकार.

हिशोब करून बघा. १ जीबीपीएसला १,५०० बाईटची मोठी पॅकेट धरली तर एका दिशेला सेकंदाला साधारण ८१ हजार पॅकेट. गुणिले चार हजार नियम, म्हणजे साडेबत्तीस कोटींच्या आसपास तुलना दर सेकंदाला. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरकडे सेकंदाला ३०० कोटी सायकल. भागाकार करा, एका नियमाला जेमतेम नऊ सायकल मिळतात. मेमरीतून नियम वाचायलाच त्याहून जास्त लागू शकतात जर तो कॅशमध्ये नसेल. आणि हे मोठ्या पॅकेटचं गणित, सगळी ६४ बाईटची आली तर त्याच लाईनवर सेकंदाला १४ लाख ८८ हजार पॅकेट येऊ शकतात. पोरं संध्याकाळी गेम खेळतात ती पॅकेट छोटीच असतात. म्हणून लिंक एमबीपीएसमध्ये अर्धी दिसते आणि कोअर मात्र भरलेला. ग्राफ बघायचा तर पॅकेट पर सेकंदचा बघा, एमबीपीएसचा ग्राफ इथे फसवतो.

यातली सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे ज्याने बिल भरलं नाही त्याचं पॅकेट यादीत मधेच कुठेतरी जुळतं आणि पडतं, सुटला बिचारा. ज्याने वेळेवर पैसे भरले त्याचं पॅकेट कुठेच जुळत नाही, त्यामुळे ते पूर्ण चार हजारांची परेड करून मग बाहेर जातं. म्हणजे शिक्षा कोणाला, तर इमानदार गिऱ्हाईकाला. नवीन महागडी पेटी घेऊन हे चार महिने पुढे ढकलता येतं, आणि बरेच जण तेच करतात, पण यादी तशीच वाढत राहणार असेल तर कुठलीही पेटी कमीच पडणार.

आता दुरुस्ती

पहिलं काम, हजार नियमांच्या जागी एक नियम आणि एक सेट. आयपीसेट वापरा, म्हणजे आयपींचा एक गठ्ठा ज्यात ओळीने न वाचता थेट शोधता येतं. हॅश आयपी टाईपचा सेट बनवा, समजा थकबाकी नावाचा (टाईप करताना नाव इंग्रजी अक्षरांतच द्या), त्यात सगळे आयपी टाका, आणि फॉरवर्ड चेनमध्ये एकच नियम, सोर्स आयपी या सेटमध्ये असेल तर ड्रॉप. हॅशमध्ये शोधायला सेटमध्ये १८० आयपी आहेत की १८ हजार याने जवळजवळ काही फरक पडत नाही. हे काही नवीन फॅड नाही, आयपीसेट २०११ पासून, म्हणजे २.६.३९ पासून मेन कर्नलमध्ये आहे, कितीही जुनं लिनक्स चालवत असाल तरी बहुतेक मिळेल.

आयपी टाकताना डॅश एक्झिस्ट लावा, आधीच असेल तर एरर येत नाही, आणि सेटमध्ये एक आयपी एकदाच बसतो, म्हणजे नऊ कॉप्यांचा प्रश्नच मिटला, पैसे भरले की एकदा डिलीट केलं की सुटलाच. डिफॉल्ट मर्यादा ६५,५३६ एंट्रीची असते, कोणी मोठी देशवार ब्लॉकलिस्ट वगैरे घालणार असेल तर सेट बनवतानाच मॅक्सएलेम वाढवा, नाहीतर हॅश फुल म्हणून ओरडतो.

रात्रीची यादी बदलताना चालू सेट रिकामा करून भरत बसू नका, त्या वेळात सगळे थकबाकीवाले फुकट चालतात. दुसरा तात्पुरता सेट बनवा, तो आयपीसेट रिस्टोअरने एका झटक्यात भरा, मग स्वॅप, मग जुना डिस्ट्रॉय. स्वॅप एका क्षणात होतो, पॅकेटला मधली पोकळी दिसत नाही.

ब्लॉकलिस्ट आयपीऐवजी नेटवर्कची असेल, /२४, /२२ अशी, तर हॅश नेट घ्या. फक्त त्यात एवढं की सेटमध्ये जितक्या वेगवेगळ्या लांबीचे प्रीफिक्स (/ नंतरचा आकडा) तितक्या वेळा तो हॅशमध्ये शोधतो. दहा प्रकारचे प्रीफिक्स असले तर दहा शोध. तरी चार हजारांपुढे ते काहीच नाही.

दुसरं काम, इस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड कनेक्शनला ॲक्सेप्ट करणारा नियम वर आणा. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये तो तळाला असतो, का कोण जाणे. बहुतेक पॅकेट आधीच चालू असलेल्या कनेक्शनची असतात, ती वरच सुटली की खालची यादी फक्त नवीन कनेक्शनच्या पॅकेटला बघावी लागते. एकट्या या बदलाने कोअर श्वास घ्यायला लागतो.

पण थांबा, इथे एक खड्डा आहे आणि ऑपरेटर लोक त्यातच पडतात. इस्टॅब्लिश्ड सगळ्यात वर ठेवला आणि थकबाकीचा ड्रॉप त्याच्या खाली, तर रात्री ब्लॉक केलेल्या माणसाचं आधीपासून चालू असलेलं कनेक्शन सुरूच राहतं. डाउनलोड लावून झोपलेला असेल तर तो सकाळपर्यंत फुकट ओढणार. दोन उपाय: एक, सेटचा एक नियम इस्टॅब्लिश्डच्याही वर ठेवा, एका हॅश शोधाचा खर्च आहे, परवडतो. दोन, ब्लॉक करताना कॉनट्रॅक डॅश डी देऊन त्या आयपीच्या एंट्री उडवा. मी पहिला वापरतो, कमी भानगड. पूर्ण ड्रॉपच करायचं असेल, पैसे भरा असं पान वगैरे दाखवायचं नसेल, तर तो नियम रॉ टेबलच्या प्रीराऊटिंगमध्ये टाका, तिथे कनेक्शन ट्रॅकिंग सुरू व्हायच्या आधीच पॅकेट पडतं, टेबलात एंट्री पण बनत नाही. पैसे भरा पानाचं म्हणाल तर आता सगळं एचटीटीपीएस झालंय, रीडायरेक्ट केलं की ब्राउझर सर्टिफिकेटची बोंब मारतो आणि गिऱ्हाईकाला वाटतं व्हायरस आला, त्यापेक्षा सरळ एसएमएस पाठवा.

तिसरं, मँगल टेबल, म्हणजे पॅकेटवर मार्क (खूण) लावायचं टेबल. इथे पुष्कळ जणांची नजरच जात नाही. स्पीड प्लॅनसाठी प्रत्येक गिऱ्हाईकाला एक मार्क लावणारा नियम असतो, दोन हजार गिऱ्हाईक म्हणजे दोन हजार नियम, आणि फिल्टर टेबलमध्ये इस्टॅब्लिश्ड वर आणून मँगलला काडीचा फायदा होत नाही कारण ते टेबल वेगळं, प्रत्येक पॅकेट तिथून जातंच. इथे कनेक्शन मार्क वापरा: आधी कॉनमार्क रिस्टोअर, मार्क शून्य नसेल तर तिथूनच परत, शून्य असेल तरच खालची यादी आणि शेवटी कॉनमार्क सेव्ह. म्हणजे यादी फक्त कनेक्शनच्या सुरुवातीला चालते. प्लॅन बदलला तर चालू कनेक्शनला जुनाच मार्क राहील, एवढं ध्यानात ठेवा. किंवा आयपीसेटचं एसकेबीइन्फो वापरा, त्यात आयपीसोबत मार्क पण सेटमध्येच साठवता येतो, मग यादीच नको. आणि मँगल नीट केल्यावरही कोअर भरलेला असेल तर टीसीचे (लिनक्समध्ये स्पीड वाटून देणारी कमांड) यू३२ फिल्टर बघा, तेही हॅश टेबल न बनवता लावले तर एकेक करूनच वाचले जातात, तोच रोग दुसऱ्या घरात.

नॅट टेबलची मात्र उगाच चिंता करू नका, ते फक्त कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटलाच बघितलं जातं.

लॉगचे नियम बघा. लिमिट न लावलेला एक लॉग नियम शंभर साध्या नियमांपेक्षा वाईट. स्ट्रिंग मॅच लावून साईट ब्लॉक करण्याचा प्रयत्न कोणी करून ठेवला असेल तर तो काढाच, पॅकेटचं पोट फाडून शब्द शोधणं महाग असतं आणि एचटीटीपीएसमध्ये बऱ्याचदा सापडत पण नाही.

क्रम बदलताना हात आखडता घ्या

कोणता नियम जास्त लागतो ते बघायला डॅश एल, डॅश व्ही, डॅश एन, डॅश एक्स. एन विसरू नका नाहीतर प्रत्येक आयपीचं नाव शोधत बसतो आणि तुम्हाला वाटतं पेटी हँग झाली. काउंटर शून्य करून संध्याकाळचा एक तास जाऊ द्या, मग ज्यांचा आकडा मोठा ते वर घ्या, असं सगळीकडे सांगतात. बरोबर आहे पण अर्धं.

समजा दहावा नियम म्हणतो की १०.२०.५.७ ला पोर्ट २५ चालू द्या (एखाद्या पतसंस्थेचा मेल सर्व्हर असेल) आणि अकरावा म्हणतो की १०.२०.५.० /२४ चा पोर्ट २५ पूर्ण बंद. अकराव्याला जास्त हिट्स आहेत म्हणून तो वर नेला की पतसंस्थेचा मेल गेला. दोन शेजारचे नियम तेव्हाच अदलाबदल करायचे जेव्हा एकच पॅकेट दोघांना लागू शकत नाही, किंवा दोघांचा निकाल एकच आहे. लांब उचलून न्यायचा असेल तर मधल्या प्रत्येकाशी हीच तपासणी. आणि शून्य हिटवाला नियम लगेच उडवू नका, तो महिन्यातून एकदा लागणाऱ्या बॅकअपचा असू शकतो. पण त्याच्या वरचा एखादा नियम त्याला पूर्ण झाकत असेल तर मात्र तो मेलेलाच आहे, उडवा.

सेटमध्ये बसत नाहीत असे खरंच वेगवेगळे नियम असतील, प्रत्येक गिऱ्हाईकाला वेगळे पोर्ट वगैरे, तर सबनेटप्रमाणे चेन पाडा. चार हजार नियम १६ चेनमध्ये अडीचशे-अडीचशे वाटले तर वाईटात वाईट पॅकेटला १६ अधिक २५० तपासण्या, चार हजार नाही. त्यात जंप न वापरता गोटू वापरा, डॅश जी. जंप केलं आणि आत काही जुळलं नाही तर पॅकेट परत येऊन उरलेल्या जंपच्या ओळी पण वाचत बसतं. फक्त गोटूवाल्या चेनच्या शेवटी निकाल स्पष्ट लिहा.

एनएफटेबल्सवर गेलो की आपोआप फास्ट होईल का

नाही. एनएफटेबल्स (आयपीटेबल्सच्या जागी आलेली नवी फायरवॉल) कर्नल ३.१३ मध्ये, जानेवारी २०१४ ला आलं, आणि डेबियन १० (२०१९) पासून आयपीटेबल्स कमांड पण आतून त्याच्यावरच चालते. पण आतून चालते म्हणजे तुमचे चार हजार नियम तसेच ओळीने भाषांतर होऊन तिथे बसतात आणि तसेच एकेक करून वाचले जातात. फायदा तेव्हा होतो जेव्हा तुम्ही त्याच्या पद्धतीने लिहिता, सेट, मॅप, आणि व्हर्डिक्ट मॅप. व्हर्डिक्ट मॅप म्हणजे आयपी किंवा पोर्ट शोधला की थेट निकाल किंवा थेट चेन मिळते, वरच्या १६ जंपच्या ओळींच्या जागी एकच शोध. मार्कचं पण तसंच, सोर्स आयपीवरून मार्क काढणारा एक मॅप, मँगलची सगळी यादी एका ओळीत. १.०.२ आवृत्तीपासून एनएफटीला डॅश ओ हा ऑप्शन आहे, तो फाईल वाचून कुठले नियम सेटमध्ये गोळा करता येतील ते सुचवतो, डॅश सी सोबत चालवा म्हणजे फक्त दाखवेल, लावणार नाही. नवीन पेटी उभी करत असाल तर सरळ एनएफटेबल्स. चालू पेटी असेल तर आयपीसेटनेच काम भागतं, उगाच चालत्या गाडीचं चाक बदलू नका.

मायक्रोटिकवाल्यांसाठी (पीसीऐवजी त्या कंपनीचा तयार राउटर) थोडक्यात: टूल्समध्ये प्रोफाईल उघडा, फायरवॉलचा टक्का बघा. वेगवेगळ्या आयपींचे नियम काढून ॲड्रेस लिस्ट आणि एक नियम. फास्टट्रॅक (चालू कनेक्शनला बहुतेक तपासण्या वगळून पुढे सोडणं) राउटरओएस ६.२९ पासून आहे आणि सगळे तोच लावायला सांगतात, पण फास्टट्रॅक झालेलं कनेक्शन सिंपल क्यूला (स्पीडची मर्यादा लावायची रांग) बायपास करतं, म्हणजे तुमचे स्पीड प्लॅन सिंपल क्यूवर असतील तर २० एमबीपीएसवाला पण फुल लाईन ओढेल. ऑफिस-कॉलेजला बिनधास्त लावा, गिऱ्हाईकांच्या पेटीवर विचार करून. पीएफसेन्सवाल्यांना (ही वेगळी फायरवॉल सिस्टिम, तिचं इंजिन पीएफ) हा त्रास मुळात कमी, कारण पीएफ आधी स्टेट टेबल बघतं आणि नियमांची यादी फक्त नवीन कनेक्शनला लागते, मोठ्या याद्या एलियसमध्ये (एका नावाखाली साठवलेली यादी) ठेवल्या की झालं.

माझं खरं मत विचाराल तर

बिल न भरणाऱ्याचा नियम फायरवॉलमध्ये असायलाच नको. पीपीपीओई आणि रेडियस (लॉगिन तपासणारा सर्व्हर) वापरताय ना, मग थकबाकीवाल्याला लॉगिन करताना वेगळ्या पूलमधला आयपी द्या, समजा १०.९९ वाला, आणि फायरवॉलमध्ये त्या अख्ख्या पूलसाठी एकच नियम. चालू सेशन तोडायला रेडियसचा डिस्कनेक्ट मेसेज आहेच. पैसे भरले, सेशन तुटलं, परत लॉगिन झालं, नॉर्मल पूल. रात्रीची स्क्रिप्ट नाही, सेट नाही, स्वॅप नाही. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आधी चालू तर कर भो, मग बघू." म्हणून त्यांच्याकडे आधी आयपीसेट लावला, पूलचं काम बिलिंगवाल्याकडे अडकलंय.

रीबूटनंतरचा खड्डा

आयपीसेट लावल्यावर एक नवीन प्रकारची रडारड होऊ शकते. पेटी चालू होताना आयपीटेबल्स-रिस्टोअर आधी चाललं आणि सेट अजून बनलेलाच नाही, तर तो एक नियम फेल होतो आणि त्याच्यासोबत ते अख्खं टेबल लागत नाही, सगळंच्या सगळं. म्हणजे फायरवॉल उघडी, आणि नेट मस्त चालू असतं त्यामुळे कोणाला कळत पण नाही. सेट आधी, नियम नंतर, हा क्रम बूटमध्ये पक्का करा. डेबियनवर नेटफिल्टर-परसिस्टंटसोबत आयपीसेट-परसिस्टंट पॅकेज टाकलं की क्रम तो सांभाळतो. नंतर एकदा मुद्दाम रीबूट करून यादी परत मोजा.

स्क्रिप्टमध्ये आयपीटेबल्सच्या डॅश ए च्या शेकडो ओळी उरल्या असतील तर त्या पण रिस्टोअर फाईलमध्ये न्या. जुन्या पद्धतीच्या आयपीटेबल्समध्ये प्रत्येक डॅश ए ला कमांड कर्नलकडून पूर्ण टेबल बाहेर काढते, एक ओळ जोडते, पूर्ण टेबल परत आत ढकलते. यादी जितकी लांब तितकी प्रत्येक ओळ हळू. रिस्टोअरमध्ये हे एकदाच होतं.

काम झालं का ते बघायला परत संध्याकाळी पर्फ टॉप, आयपीटी डू टेबल खाली गेलेलं दिसायला हवं. घाईत टेस्ट करायची म्हणून भर गर्दीत चेन फ्लश करू नका, पॉलिसी ड्रॉप असेल तर फ्लश केल्याबरोबर अख्ख्या तालुक्याचं नेट बंद आणि तुमचं रिमोट लॉगिन पण बंद होऊ शकतं, मग मोटरसायकल काढा आणि जा ४० किलोमीटर. आणि एक छोटा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून ठेवा जो रोज नियमांच्या ओळी मोजून फाईलमध्ये लिहील. आकडा सपाट राहिला पाहिजे, रोज चढत असेल तर कुठली तरी जुनी स्क्रिप्ट अजून डॅश ए करतेय, क्रॉनटॅबमध्ये रूटशिवाय बाकी युजरचे पण बघा, आप्पांकडे ती तिथेच सापडली.

आयपीव्ही६ चालू केलं असेल तर आयपी६टेबल्सची यादी वेगळी असते आणि सेट पण वेगळा लागतो, बनवताना फॅमिली इनेट६ द्यावं लागतं. ते नसेल तर व्ही४ वर ब्लॉक केलेला माणूस व्ही६ वरून यूट्यूब बघत बसतो.